मधमाश्यांच्या शिदोरीची चिंता वाहणारे धर्मगुरू : फादर यान जेर्झोन

पास्काच्या जागरणरात्री मंदिरातील सारे दिवे मालवलेले असतात. धर्मगुरू पास्काची मेणबत्ती प्रज्वलित करून आत आणतात, तिच्यावरून भाविकांच्या हातांतील मेणबत्त्या एकामागून एक पेटत जातात आणि मग पास्काचा प्राचीन उद्घोष गायिला जातो. त्या उद्घोषात मधमाश्यांचा उल्लेख आहे, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मेणबत्तीचे मेण मधमाश्यांच्या श्रमातून आलेले असते. ती देवाला अर्पण करताना ख्रिस्तसभा ह्या इवल्या जिवांचीही आठवण ठेवते. मिलान नगरीचे बिशप संत अँब्रोज, ज्यांचा सण आपण ७ डिसेंबर रोजी साजरा करतो, ते मधमाशीपालकांचे आश्रयदाते संत मानले जातात. पाळण्यात निजलेल्या बाळ अँब्रोजच्या ओठांवर मधमाश्यांचा थवा येऊन बसला व इजा न करता उडून गेला, अशी आख्यायिका आहे.

संत अँब्रोज आपणांस परिचित आहेत. परंतु मधमाश्यांच्या संगोपनाची सारी रीतच ज्यांनी पालटून टाकली ते फादर यान जेर्झोन आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाहीत. युरोपात त्यांना आधुनिक मधमाशीपालनाचे जनक म्हटले जाते. त्यांचे जीवन सरळ रेषेत गेलेले नाही. त्यात मोठा मान आहे, मोठा कलह आहे आणि अगदी शेवटी घरी परतणेही आहे.

त्यांची आठवण आम्हांस झाली ती माढा परिसरामुळे. सोलापूर जिल्ह्यातील हा तालुका तसा अवर्षणाचा. भीमेवरील उजनी धरण ह्याच तालुक्यात आहे. जेथे त्याचे पाणी पोहोचले तेथे ऊस उभा राहिला; जेथे पोहोचले नाही तेथे ज्वारी, करडई, तूर आणि अलीकडच्या काही दशकांत ठिबकवरचे डाळिंब. डाळिंबाच्या बागेत फळधारणा चांगली व्हावी म्हणून बहाराच्या दिवसांत मधमाश्यांच्या पेट्या ठेवण्याची पद्धत आता जिल्ह्यात रुळली आहे. बहार असेतो सारे ठीक चालते. पुढे फुले सरतात, ऊन तापू लागते, आणि पेटीच्या दाराशी माश्यांची ये-जा दिसत असली तरी आतील कोठार रिकामे होत जाते. ते वेळीच ओळखायचे कसे आणि भरून काढायचे कसे, हा प्रश्न माढ्याच्या शेतकऱ्याला वैशाखात पडतो. फादर जेर्झोन ह्यांना तो हिवाळ्याच्या तोंडावर पडला होता. ऋतू वेगळा, देश वेगळा, प्रश्न एकच.

यान जेर्झोन ह्यांचा जन्म १६ जानेवारी १८११ रोजी वरच्या सायलेशियातील लोव्कोवित्से ह्या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. आज हा भाग पोलंडमध्ये आहे. त्या काळी तो प्रशियाच्या राज्यात होता. घरची बोली सायलेशियाची पोलिश, तर शिक्षण आणि कारभार जर्मन भाषेत, अशी तेथील अनेक घरांची स्थिती होती. त्यामुळे जर्मन कागदपत्रांत त्यांचे नाव योहान असे येते आणि दोन्ही राष्ट्रे त्यांच्यावर हक्क सांगतात. आपल्या सीमाभागातील वाचकांना ह्यात नवल वाटणार नाही.

वयाच्या अकराव्या वर्षी, १८२२ साली, ते ब्रेस्लाउ शहरात (आजचे व्रोत्सुवाफ) शिक्षणासाठी गेले. पुढे तेथीलच विद्यापीठात त्यांनी कॅथलिक ईशज्ञानाचे अध्ययन केले. १८३४ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. काही काळ सहायक धर्मगुरू म्हणून सेवा केल्यावर १८३५ साली कार्लोवित्से ह्या गावाच्या धर्मग्रामाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. धर्मग्राम लहान होता. मिस्सा, साक्रामेंते, आजाऱ्यांच्या भेटी ही कामे झाल्यावर हाती वेळ उरत असे, आणि मधमाश्यांचे वेड तर त्यांना लहानपणापासून होते.

त्या काळी युरोपात मधमाश्या कशा पाळल्या जात हे जाणल्याखेरीज फादर जेर्झोन ह्यांच्या कार्याचे मोल कळणार नाही. माश्या गवताच्या विणलेल्या टोपल्यांत किंवा पोखरलेल्या ओंडक्यांत ठेवीत. माश्या आत पोळी बांधीत आणि ती पोळी भिंतींना घट्ट चिकटवीत. आत काय चालले आहे, राणी आहे की नाही, मध किती साठला आहे, हे पोळे मोडल्यावाचून पाहता येत नसे. शरद ऋतू आला की टोपल्या उचलून त्यांचे वजन अजमावीत. सर्वांत जड टोपलीत मध भरपूर, म्हणून ती घ्यायची. सर्वांत हलकी टोपली हिवाळा काढणार नाही, म्हणून तीही घ्यायची. घ्यायची म्हणजे जमिनीत खड्डा करून त्यात गंधक पेटवायचे व टोपली त्यावर ठेवायची. घटका दोन घटकांत हजारो माश्या मरून पडत, आणि मग मध व मेण काढून घेतले जाई. मधल्या वजनाच्या टोपल्या तेवढ्या पुढच्या वर्षासाठी राखीत.

ह्यात क्रूरपणा तर होताच. पण अडाणीपणाही होता. भरल्या घरात शेजाऱ्याला पुरेल इतके अन्न होते आणि रिकाम्या घरात कष्ट करणारे हात होते. दोन्ही घरे नष्ट होत, कारण एका घरातील अन्न दुसऱ्या घरात नेण्याची वाटच नव्हती.

फादर जेर्झोन ह्यांनी ती वाट काढली. १८३८ च्या सुमारास त्यांनी लाकडी पेटी तयार केली आणि तिच्या वरच्या भागात एकमेकींपासून ठरावीक अंतरावर पट्ट्या बसवल्या. माश्या प्रत्येक पट्टीला एक पोळे लटकवून बांधू लागल्या. पोळ्याची कड बाजूच्या भिंतीपासून सुरीने सोडवली की पट्टीसह अख्खे पोळे अलगद बाहेर काढता येई, पाहता येई आणि परत जागेवर ठेवता येई. १८४८ साली त्यांनी आणखी सुधारणा केली : पेटीच्या बाजूच्या भिंतींत आठ मिलिमीटर मापाच्या खाचा पाडल्या आणि त्यांत पट्ट्या बसवल्या. माश्यांना ये-जा करण्यास जेवढी वाट लागते तेवढी त्या मोकळी ठेवतात आणि त्याहून मोठी फट मेणाने भरून टाकतात, हे निरीक्षण ह्या मापामागे होते. पुढे जर्मनीत बॅरन फॉन बेर्लेप्श ह्यांनी पट्टीच्या जागी चारी बाजूंची चौकट आणली. अमेरिकेत लँगस्ट्रॉथ ह्या प्रॉटेस्टंट पाळकांनी वरून उघडणारी चौकटींची पेटी तयार केली व १८५२ साली तिचे पेटंट घेतले. आज डाळिंबाच्या बागेत युरोपियन माश्यांच्या ज्या पेट्या ठेवतात त्या लँगस्ट्रॉथ ह्यांच्या वळणाच्या आहेत. एक कॅथलिक धर्मगुरू आणि एक प्रॉटेस्टंट पाळक, दोघे एकमेकांपासून हजारो मैल दूर, एकाच शतकात एकाच कोड्यापाशी बसले होते, ही गोष्ट आम्हांस मोठी मनोवेधक वाटते.

पोळे बाहेर काढता येऊ लागले आणि हिवाळ्याच्या तयारीचा अर्थच बदलला. मध्य युरोपात ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत माश्यांना बाहेर काही मिळत नाही. पुष्कळांची समजूत असते की ह्या काळात माश्या झोपून राहतात. तसे नाही. त्या एकमेकींना बिलगून गोळा करतात, राणीला मध्यभागी घेतात आणि पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करतात. बाहेर बर्फ पडत असले तरी गोळ्याच्या गाभ्यात वीस अंशांहून अधिक उष्णता राखलेली असते. हिवाळ्याच्या अखेरीस राणी अंडी घालू लागली की ती चौतीस-पस्तीस अंशांपर्यंत चढते. बाहेरच्या थरातील माश्या हळूहळू आत येतात, आतल्या बाहेर जातात. ह्या शेकोटीचे सरपण म्हणजे मध. आजच्या हिशेबाने तेथील एका वसाहतीला हिवाळ्यासाठी साधारण पंधरा ते वीस किलो मध लागतो. उन्हाळ्यातील कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते. शरदात जन्मलेली माशी मात्र ह्याच मधावर सहा महिने तग धरते आणि वसंतातील पहिल्या पिलांना वाढवूनच मरते.

मध पुरेसा असणे एवढ्यानेही भागत नाही. तो जागेवर असावा लागतो. कडाक्याच्या थंडीत गोळा मोडून माश्या पेटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ शकत नाहीत. तेव्हा चार बोटांवर भरलेले पोळे असतानाही त्या उपाशी मरतात. म्हणून भरलेली पोळी गोळ्याच्या लगत व वर यावीत, रिकामी पोळी काढून घ्यावीत, पेटीत ओल धरू नये, दार लहान करावे म्हणजे उंदीर शिरणार नाही, ही सारी कामे थंडी पडण्यापूर्वी उरकावी लागतात. पोळी हलवता येऊ लागली तेव्हाच ती शक्य झाली. ज्या पेटीत मध जास्त तिच्यातील एक-दोन पोळी काढून गरजू पेटीत द्यायची. माश्या फारच थोड्या असतील तर दोन दुबळ्या वसाहती एकत्र करायच्या. गंधकाच्या खड्ड्याची गरज उरली नाही. फादर जेर्झोन ह्यांनी जुळ्या पेट्याही तयार केल्या होत्या. दोन पेट्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या, म्हणजे शेजारणीची ऊब दोघींनाही मिळते. अशा जोड्या एकीवर एक रचून ते त्यांची चळतच उभी करीत.

अन्न भरवण्याच्या बाबतीत मात्र त्यांनी एक जबर ठेच खाल्ली. त्या काळी साखर महाग होती. उसाची साखर समुद्रापारहून येई; बिटापासून साखर काढण्याचा जगातील पहिला कारखाना एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी सायलेशियातच निघाला होता खरा, पण साखर पोत्याने माश्यांपुढे ठेवावी इतकी स्वस्त अजून झाली नव्हती. कमी पडणारे अन्न मधानेच भरून काढावे लागे. फादर जेर्झोन ह्यांनी अमेरिकेकडून आलेला मध माश्यांना चारला आणि काही काळाने त्यांच्या पेट्यांत पिलावा सडू लागला. हा रोग आपल्या घरात त्या मधावाटे आला असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच काढला व तो उघडपणे मांडला. रोगजंतूंची कल्पनाही तेव्हा रुजलेली नव्हती. आज आपण जाणतो की ह्या रोगाचे बीजाणू मधात वर्षानुवर्षे टिकून राहतात. त्याच सुमारास चोरी, आग आणि पूर ह्यांनीही त्यांच्या माश्यांचे नुकसान केले. शेकडो वसाहतींतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. एखाद्याने नाद सोडला असता. त्यांनी उरलेल्या वसाहतींतून काही वर्षांत पुन्हा सुमारे चारशेपर्यंत मजल मारली.

आमच्या शेतकरी वाचकांनी ही ठेच ध्यानात ठेवावी असे आम्हांस वाटते. बाजारातील कोणताही मध आणून माश्यांना पाजू नये; साखरेचा पाक द्यावा. सोलापूर जिल्हा तर साखरेचाच जिल्हा आहे.

फादर जेर्झोन ह्यांच्या कीर्तीचे दुसरे कारण वेगळे आहे. पोळे हाती घेऊन रोज पाहता येऊ लागल्यावर एक गोष्ट त्यांच्या नजरेस आली. काही कारणाने मीलन न झालेली राणीही अंडी घालते, पण त्या अंड्यांतून केवळ नर निपजतात. ह्यावरून त्यांनी सिद्धांत मांडला की नर माश्या फलन न झालेल्या अंड्यांतून जन्मतात, म्हणजे त्यांना पिता नसतो. कामकरी माश्या व राणी मात्र फलित अंड्यांतून येतात. कामकरी आणि राणी ह्यांतील फरक मुळात अंड्याचा नाही, अळीला मिळणाऱ्या खाद्याचा आहे, हेही त्यांनी दाखवले. १८४५ साली आइखश्टेट येथून निघणाऱ्या मधमाशीविषयक जर्मन नियतकालिकात त्यांनी आपला सिद्धांत प्रसिद्ध केला.

विद्वानांना तो पटला नाही. खेड्यातील एक धर्मगुरू निसर्गाचा नियम मोडणारी गोष्ट सांगतो आहे, असे त्यांना वाटले. तेव्हा फादर जेर्झोन ह्यांनी १८५३ साली इटलीच्या पिवळसर माश्या मागवल्या. त्यांच्याकडील माश्या काळपट होत्या. पिवळ्या राणीचा काळ्या नराशी संयोग झाल्यावर तिच्या कामकरी मुली मिश्र रंगाच्या निपजल्या, पण नर मात्र शुद्ध पिवळेच राहिले. पित्याचा अंश त्यांच्यात नव्हता, हे रंगानेच सांगितले. पुढे झीबोल्ड आणि लॉइकार्ट ह्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली अंडी तपासून त्यांच्या म्हणण्याला दुजोरा दिला. ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठातील ग्रेगोर मेंडेल, ज्यांनी वाटाण्यावरील प्रयोगांतून आनुवंशिकतेचे नियम शोधले, तेही धर्मगुरूच होते आणि तेही मधमाश्या पाळीत. विज्ञान आणि श्रद्धा ह्यांचे वैर असते असे आपल्या तरुणांना कोणी सांगितले, तर ही दोन नावे त्यांनी अवश्य सांगावीत.

१८४८ साली फादर जेर्झोन ह्यांचा मधमाशीपालनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८६१ साली दुसरा मोठा ग्रंथ आला व १८८२ साली त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. त्यांनी शेकडो लेख लिहिले. दूरदूरचे लोक कार्लोवित्सेला येऊन त्यांच्या पेट्या पाहून जात. निरनिराळ्या देशांतून सन्मान व पदके आली. १८७२ साली म्युनिक विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

येथून पुढचा भाग लिहिताना आमचे मन जड होते. पण तो टाळून त्यांचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने पोप महोदयांच्या अस्खलनशीलतेचा सिद्धांत घोषित केला. पोप महोदय सार्वत्रिक ख्रिस्तसभेचे मेंढपाळ ह्या नात्याने, श्रद्धा किंवा नीती ह्यांविषयी, अंतिम स्वरूपाचा निर्णय देतात तेव्हा तो निर्णय चुकीचा असू शकत नाही, असा त्याचा मर्यादित अर्थ आहे. जर्मन भाषक प्रदेशांत ह्या सिद्धांतावरून मोठी खळबळ झाली. म्युनिकचे विद्वान धर्मगुरू डॉलिंगर ह्यांनी तो नाकारला व १८७१ साली त्यांना बहिष्कृत करण्यात आले. फादर जेर्झोन ह्यांच्या स्वतःच्या धर्मप्रांताचे बिशप हाइनरिख फ्योर्स्टर हेही परिषदेत, अशी घोषणा करण्याची ही वेळ नव्हे, ह्या मताच्या अल्पसंख्य बिशपांपैकी होते. परंतु परिषदेने निर्णय केल्यावर त्यांनी तो नम्रपणे स्वीकारला.

फादर जेर्झोन ह्यांना ते जमले नाही. १८६९ सालीच ते धर्मग्रामाच्या जबाबदारीतून निवृत्त झाले होते. नव्या सिद्धांताला त्यांनी मान्यता दिली नाही, स्वतःस जुने कॅथलिक म्हणवणाऱ्या गटाकडे त्यांचा कल झाला आणि १८७३ साली त्यांना ख्रिस्तसभेतून बहिष्कृत करण्यात आले. ज्या वेदीवर त्यांनी पस्तीस-छत्तीस वर्षे मिस्सा अर्पण केली होती ती त्यांना परकी झाली. म्युनिकच्या सन्मानाला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते.

ह्या घटनेचा काळही लक्षात घ्यावा. बिस्मार्क ह्यांच्या सरकारने तेव्हा कॅथलिक ख्रिस्तसभेविरुद्ध कडक कायदे चालवले होते. बिशप फ्योर्स्टर ह्यांना १८७५ साली सरकारने पदच्युत ठरवले आणि त्यांना धर्मप्रांताच्या ऑस्ट्रियातील भागात आश्रय घ्यावा लागला. आपली ख्रिस्तसभा बाहेरून असा मार खात असताना आपलाच एक नामवंत धर्मगुरू दूर गेला, ह्याचे दुःख सायलेशियातील साध्या भाविकांना किती झाले असेल ह्याची कल्पना करता येते. फादर जेर्झोन हट्टी होते काय? आम्हांस वाटते की होते. नर माशीला पिता नसतो हे सारे विद्वान नाकारीत असताना जो माणूस वर्षानुवर्षे एकटा ठाम राहिला आणि शेवटी खरा ठरला, त्याला पुढे दुसऱ्या कोणत्याही बाबतीत आपण चुकत असू असे मानणे जड जाते. परंतु श्रद्धेचे सत्य पेटी उघडून तपासायचे नसते, आणि ते एकट्याने ठरवायचेही नसते. दुसऱ्या बाजूने, त्यांच्या विवेकाची तळमळ खोटी होती असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही.

१८८४ साली त्यांनी कार्लोवित्से सोडले आणि ते आपल्या जन्मगावी, लोव्कोवित्सेला परतले. तेथे शेतात पेट्या मांडून ते पूर्ववत माश्यांच्या सेवेत रमले. वय सत्तरी ओलांडून गेले होते. लेखन चालू होते, जगभरातील मधपाळ त्यांचे नाव आदराने घेत होते. वर्षे जात राहिली. ज्या पोप महोदयांच्या काळात परिषद झाली ते पोप पायस नववे १८७८ साली वारले. त्यांच्यानंतर पोप लिओ तेरावे आले व १९०३ साली तेही गेले. पोप पायस दहावे गादीवर आले. सरकारचे कडक कायदेही एव्हाना बहुतांशी मागे पडले होते. फादर जेर्झोन मात्र अजून बाहेरच होते.

१९०५ साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचा ख्रिस्तसभेशी समेट झाला. बत्तीस वर्षांचा दुरावा संपला. एवढ्या वयात माणूस सहसा आपली मते बदलत नाही, उलट ती अधिकच ताठर होतात. म्हणून ह्या घटनेस आम्ही देवाची कृपा म्हणतो. ख्रिस्तसभेनेही दार लावून घेतले नव्हते, ह्याचीही नोंद येथे करावयास हवी.

युरोपातील ह्या साऱ्या कार्याचे लोण आपल्या देशातही आले, आणि त्यातही धर्मगुरूंचा हात होता. दक्षिण भारतात १९११ ते १९१७ ह्या काळात फादर न्यूटन ह्या मिशनरी धर्मगुरूंनी आपल्या देशी मधमाशीच्या मापाची लहान पेटी तयार केली आणि खेड्यापाड्यांतील अनेकांना ती हाताळण्यास शिकवले. ती पेटी आजही न्यूटन पेटी म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्रात महाबळेश्वर हे मधमाशीपालनाचे केंद्र झाले. तेथे सातेरी माश्यांना अडचणीचा काळ पावसाळ्याचा. संततधार पावसात त्या बाहेर पडू शकत नाहीत, तेव्हा मधपाळ त्यांना साखरेचा पाक देऊन जगवतात.

माढ्याकडे हिवाळा हा उलट सुबत्तेचा काळ असतो. करडई, सूर्यफूल फुललेले असते, ज्वारीचा पराग मिळतो, पाठोपाठ डाळिंबाचा आंबिया बहार येतो. टंचाई सुरू होते ती त्यानंतर. युरोपातील माशी अन्नावाचून घरातच मरते. आपली सातेरी उपाशी राहिली तर घर सोडून निघून जाते, आणि एके सकाळी शेतकऱ्याला पेटी रिकामी आढळते. तेव्हा मध काढताना सारा काढू नये. पिलाव्याच्या कोठीतील पोळ्यांना तर हातच लावू नये. तो मध त्यांचा आहे. बहार संपल्यावर दर आठवड्यास पेटी मागून किंचित उचलून पाहावी. हलकी लागली तर साखर व पाणी समभाग घेऊन केलेला पाक सायंकाळी, पेटीच्या आत ठेवावा. दिवसा किंवा उघड्यावर दिला तर दुसऱ्या पेट्यांतील माश्या लुटालूट करतात. भांड्यात काड्या टाकाव्यात, म्हणजे माश्या बुडत नाहीत. पेटी सावलीत असावी आणि जवळ स्वच्छ पाणी असावे. बागेत फवारणी करायची असेल तर पेटीच्या मालकास आधी कळवावे. हे फार कष्टाचे काम नाही.

फादर यान जेर्झोन ह्यांचे २६ ऑक्टोबर १९०६ रोजी लोव्कोवित्से येथे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय पंचाण्णव वर्षांचे होते. त्या दिवसांत सायलेशियात फुलांचा हंगाम कधीच संपलेला असतो, पेट्यांतील शिदोरीची पाहणी होऊन त्यांची दारे लहान केलेली असतात आणि माश्या आत गोळा करून बसलेल्या असतात. गावच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर हा प्रदेश पोलंडकडे गेला तेव्हा, १९४६ साली, सायलेशियातील एका शहराला जेर्झोन्युव असे त्यांचे नाव देण्यात आले. जन्मगावाजवळच्या क्लुचबोर्क शहरात त्यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय आहे.